मागणी आणि भूक

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या मलकापुरातल्या गल्लीत घोकंपट्टीचे आवाज सुरू होतात. परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. समोरच्या घरातली बारावीची मुलगी गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करते, "नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छा, ऐपत आणि खर्च करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी असतील तरच तिला अर्थशास्त्रात मागणी म्हणतात." पोरगी गुणी आहे. उच्चार स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. आणि माझं डोकं फिरतं. मी उठून खिडकी लावून घेतो. सून म्हणते, म्हातारपणी यांना आवाज सोसत नाही. सोसत नाही हे खरं. पण तो आवाज त्या पोरीचा नसतो.

हेच वाक्य मी सांगलीत, लढाईच्या दिवसांत, इंग्रजीतून पाठ केलं होतं. सांगलीचा फाल्गुन हळदीचा. शिजवलेली, वाळवलेली, घोळून चकचकीत केलेली हळद गाड्यांतून पेठेत यायची आणि साऱ्या गावावर पिवळी धूळ बसायची. सदऱ्याच्या कॉलरवर, घाटाच्या पायऱ्यांवर, पुस्तकाच्या पानांवर. मागणी-पुरवठ्याच्या प्रकरणावर माझ्या बोटांचे पिवळे ठसे होते. आमचे प्रोफेसर सज्जन माणूस. उन्हाळ्यातही कोट घालायचे. घटती उपयोगिता शिकवताना त्यांनी भाकरीचा दाखला दिला. म्हणाले, भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीनं सगळ्यात जास्त समाधान मिळतं, दुसरीनं कमी, तिसरीनं त्याहून कमी. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, पहिलीच मिळाली नाही तर?" वर्ग हसला. सरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तो प्रश्न या प्रकरणात येत नाही."

तेव्हा मीही हसलो होतो. मग परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली आणि मी पुस्तकांचं गाठोडं घेऊन घरी आलो.

घर कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. उसाची जमीन, विहिरीला मोट. थोरला भाऊ पलटणीत, इटलीकडे कुठंतरी. त्या दिवसांत आमच्या भागात असं घर नव्हतं की ज्यातला एक पोरगा खाकीत नाही. माघात गुऱ्हाळं पेटायची, काहिलीतल्या रसाचा वास अंगातल्या कपड्यांना चिकटून राहायचा, आणि त्याच वासात दुसरा एक वास मिसळायचा: ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, शेळ्यामेंढ्यांच्या दुधाचा. ठकूआक्का आली की हा वास यायचा.

ठकूआक्का आटपाडीकडची धनगरीण. तिकडं पाऊस कमी, रान उजाड. दिवाळी झाली की ती आपला कळप घेऊन निघायची आणि माघापर्यंत आमच्याकडं उतरायची. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा भिवा आणि ती, दोन कुत्री, सामान वाहायला एक तट्टू, आणि मेंढरं. आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. रात्रभर ती तिथं बसली की रानाला खत मिळायचं, आणि त्या बदल्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला जोंधळा द्यायचे. कित्येक वर्षं हे चाललेलं. पुस्तकात याला वस्तुविनिमय म्हणतात आणि ही मागासलेल्या समाजाची पद्धत असल्याचं सांगतात. पैसा आला की व्यवहार सुलभ होतो, असंही सांगतात. मीही ते पाठ केलं होतं.

ठकूआक्का उंच होती, काटक होती आणि तोंडाची फटकळ होती. माझ्या हातात पुस्तक बघून म्हणायची, "काय रं सदा, काय हाय त्यात?"

"अर्थशास्त्र, आक्का."

"म्हंजी?"

"माणसं काय पिकवत्यात, काय इकत्यात, काय खात्यात, त्याचं शास्त्र."

"आन् काय खात न्हाईत, त्येचं बी हाय का?" ती विचारायची आणि आपणच हसायची. तिचं हसणं बांधापलीकडं ऐकू जायचं.

त्या वर्षी शाळू चांगला आला होता. कणसं खुडून झाली, मळणी झाली आणि खळ्यावर रास पडली. रास अजून उचलली नव्हती तोच सरकारी माणसं आली. धान्यवसुली. लोक तिला लेव्ही म्हणायचे. घरात माणसं किती, जनावरं किती, असं विचारून त्यांनी खाण्यापुरता जोंधळा बाजूला काढला आणि बाकीचा सरकारी दरानं मोजून नेला. बदल्यात नोटा. आप्पा खळ्याच्या कडेला उभे होते. त्यांनी नोटा मोजून घेतल्या. शेजारच्या गावात एकानं धान्य दडवलं म्हणून त्याला धरून नेलं होतं.

नंतर आप्पांनी ठकूआक्काला बोलावलं आणि खताच्या बदल्यात नोटा पुढं केल्या.

"ह्ये काय?" ती म्हणाली.

"औंदा जोंधळा न्हाई ग आक्का. न्हेला समदा. ह्ये घे, बाजारातनं इकत घे."

तिनं नोटा हातात घेतल्या, उलट्यापालट्या केल्या. "आप्पा, घरला सून बाळंत झालीया. तिला ह्ये कागूद शिजवून घालू का मी?"

आप्पांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांनी कुणासमोर मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मला राग आला तो तिथं. कुणाचा आला, हे तेव्हा कळलं नाही.

लढाईत नोटांना काही कमी नव्हतं. घरोघरी पोरांच्या मनीऑर्डरी येत होत्या, कंत्राटदारांचे खिसे फुगले होते. जिन्नस तेवढे आटले होते. रॉकेल नाही, साखर नाही, अंगाला कापड नाही. लग्नातल्या नवरीला नवं लुगडं मिळेना. याचंही नाव पुस्तकात होतं. चलनवाढ. नोटा फार आणि माल थोडा झाला की भाव चढतात. वाक्य सोपं आहे, मुलांच्या चटकन लक्षात राहतं. पण भाव काही पाऊस नव्हे की आभाळातून सगळ्यांवर सारखा पडावा. ज्याच्याकडे माल आहे त्याच्यावर तो सोनं होऊन पडतो, ज्याच्याकडे नुसता कागद आहे त्याच्यावर धोंडा होऊन. हे वाक्य माझ्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठकूआक्काबरोबर कराडला गेलो. शिकलेलं माणूस बरोबर असलेलं बरं, असं आई म्हणाली. आधी गेलो कंट्रोलच्या दुकानात. रांग लांब होती. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं विचारलं, "कार्ड?"

"ती आटपाडीकडची आहे," मी म्हणालो. "तिच्याजवळ पैसे आहेत."

"पैसे सगळ्यांजवळ आहेत. आटपाडी संस्थानात. हा इंग्रजी मुलूख. इथलं कार्ड असलं तरच इथं धान्य."

"मेंढरं हितल्याच रानात बसल्याली न्हवं का?" ठकूआक्का म्हणाली. "त्यास्नी न्हाई कुणी कार्ड इचारलं."

मागचे लोक ओरडायला लागले. आम्ही बाजूला झालो.

मग पेठेत गेलो, एका अडत्याच्या दुकानात. त्याचं नाव घेत नाही, त्याची नातवंडं आज भली माणसं आहेत. अडत्या गादीवर बसला होता. जोंधळा म्हणताच त्यानं हात हलवला. "दाणा न्हाई." उंबऱ्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या. ठकूआक्कानं चिमण्यांकडं बोट केलं आणि तिथंच बसली. बराच वेळ बसली. शेवटी अडत्यानं आवाज खाली आणून एक भाव सांगितला. माघापासून रान खतावून तिला मिळालेल्या सगळ्या नोटांत त्या भावानं तट्टाच्या एका बाजूची गोणीसुद्धा भरली नसती.

मी म्हणालो, "सरकारनं भाव बांधून दिलाय. हा गुन्हा आहे."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "कालिजात जाता न्हवं? मग तुमीच सांगा. माल थोडा आन् गिऱ्हाईक लय, तवा भावाचं काय हुतं?"

उत्तर मला येत होतं. माझ्या पुस्तकात, हळदीचे ठसे उमटलेल्या पानावर, ते आकृतीसकट दिलेलं होतं. एक रेघ वरून खाली येते, एक खालून वर जाते, जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं भाव ठरतो. त्या आकृतीत कोठाराचं मागचं दार कुठं दाखवलेलं नव्हतं. माल थोडा होता तो का थोडा होता, कुणी दाबून धरला होता, हे त्या दोन रेघांना विचारायची सोय नव्हती.

परत येताना उन्हात मी मनाशी हिशोब मांडत होतो. व्याख्येप्रमाणे मागणीला तीन गोष्टी लागतात. सकाळी कंट्रोलच्या दुकानासमोर ठकूआक्काजवळ तिन्ही होत्या: इच्छा होती, त्या दराची ऐपत होती, पैसे टाकायची तयारी होती. तिची मागणी पुस्तकातल्यासारखी खणखणीत होती, पण तिला कार्ड नव्हतं. दुपारी अडत्याकडं कार्ड लागत नव्हतं, पण त्याच्या भावाची ऐपत नव्हती, म्हणून शास्त्राच्या दृष्टीनं तिची मागणीच उरली नव्हती. भूक दोन्हीकडं तीच. तिच्या सुनेच्या आटणाऱ्या दुधाला कुठल्या प्रकरणात जागा होती?

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती कोठीत गेली. आमच्या खाण्यासाठी सोडलेल्या जोंधळ्यातला ती आक्काच्या गोण्यांत भरायला लागली. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"अगं, आपुन काय खायचं?"

"हुलगं हाईत. रताळी हाईत. गूळ हाय," आई हात न थांबवता म्हणाली. "तिनं रानाला खत दिलंय. नोटा देऊन ते देणं फिटत न्हाई. फिटलं असतं तर तुमी मान कशापायी खाली घातली?"

आप्पांनी पुढं होऊन गोणीचं तोंड धरलं.

ठकूआक्कानं आप्पांच्या नोटा परत केल्या, आणि आईनंच मला तिच्याबरोबर धाडलं. संस्थानच्या हद्दीवर नाका होता, तिथं चार शब्द बोलायला कुणीतरी हवं होतं. मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि कळपामागं चालू लागलो. विट्याकडची वाट. मागं ऊस, हळद, पाटाचं पाणी. पुढं एकेक हिरवं गळत गेलं आणि माळ उघडा पडला. मेंढरांच्या खुरांनी उडणारी धूळ, घोंगडीचा वास, भिवाची शीळ. भिवा माझ्याच वयाचा, अबोल. चालताना एखादं कोकरू मागं राहिलं की ते उचलून खांद्यावर टाकायचा, जणू टॉवेलच. ठकूआक्का सांगायची, कुठल्या माळावर कुठलं गवत, कुठल्या विहिरीचं पाणी मेंढराला बाधतं. आज त्याच वाटेनं मोटारीतून जाताना लोक डुलक्या घेतात. मला झोप येत नाही.

नाका म्हणजे रस्त्यात आडवा टाकलेला एक बांबू. अलीकडं इंग्रजी मुलूख, पलीकडं संस्थानी. दोन्हीकडं तोच माळ, तीच बोरी-बाभळी, तोच वारा. नाकेदारानं गोण्यांवर छडी मारली.

"काय आहे?"

"जोंधळा," मी म्हणालो. "घरच्या खाण्याचा. मोलाचा आहे, चोरीचा नाही."

"परवाना?"

"कसला परवाना? तिनं राबून मिळवलाय."

"मामलेदाराच्या परवान्याशिवाय जिल्ह्यातलं धान्य बाहेर जात नाही. गोण्या उतरवा. जप्त."

मी पुष्कळ बोललो. इंग्रजीतही बोललो. बाळंतिणीचं सांगितलं. तो म्हणाला, मी हुकमाचा ताबेदार. हे वाक्य मी पुढं आयुष्यभर निरनिराळ्या टेबलांपलीकडून ऐकलं, आणि दर वेळी मला तो बांबू दिसला. "परवाना आणा, मग बघू," तो म्हणाला. परवाना आणायला पुन्हा कराड. तोवर गोण्या त्याच्या खोपटात. त्या परत मिळाल्या असत्या असं तिथं उभ्या असलेल्या कुणालाच वाटत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

शिपाई तट्टाकडं निघाला. ठकूआक्का त्याच्या आधी पोचली. तिनं कमरेचा विळा काढला आणि गोणीची शिवण खालपासून वरपर्यंत फाडली. मग दुसरी. जोंधळा भळाभळा रस्त्यावर सांडला, पांढराशुभ्र, टपोरा. तिनं जिभेनं टाळा वाजवून मेंढरांना हाक घातली.

"खावा रं लेकरांनो, खावा! तुमच्या पोटाला न्हाई नाका!"

अख्खा कळप त्या दाण्यांवर तुटून पडला. नाकेदार ओरडत होता, शिपाई छडीनं मेंढरं हाकत होता, पण एक हटवलं की दोन घुसत होती. एकेकाच्या वाट्याला मूठभरही आलं नसेल. बघता बघता रस्ता साफ झाला. ठकूआक्का नाकेदारासमोर जाऊन उभी राहिली. तिनं मेंढरांकडं बोट केलं.

"आता जप्त कर. फाड ह्यांची पोटं आन् काढून घे तुझ्या सरकारचा दाणा."

मेंढरांना बंदी नव्हती. नाकेदारानं बांबू उचलला. कळप हद्द ओलांडून गेला. मी अलीकडं उभा राहिलो आणि मला वाटलं, आपण ओरडावं, टाळ्या पिटाव्या. तेवढ्यात पाहिलं, पलीकडं गेल्यावर ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. सून घरी वाट बघत होती. सासू रित्या हातानं निघाली होती.

आईनं ठेवणीतलं भरून दिलं, आप्पांनी गोणीचं तोंड धरलं, त्या जोंधळ्याचं हे झालं.

परीक्षेत मागणीवर प्रश्न आला. मी व्याख्या लिहिली आणि तिच्याखाली ही सगळी हकिगत लिहिली. कुणाकडे काय होतं, कुठं काय अडलं, शेवटी कुणी खाल्लं. सरांनी मला नंतर घरी बोलावलं, चहा दिला आणि कळवळून म्हणाले, "बाबा रे, भावना आवर. शास्त्राला भावना नसतात." मी म्हणालो, "सर, अडत्याला होत्या की. तो हसला." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मी तो विषय सोडला नाही. पुढं चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आणि प्रत्येक वर्गाला आधी व्याख्या सांगून मग नाका सांगितला. निकाल माझे बेताचेच लागायचे.

पैसा म्हणजे काय, भांडवल म्हणजे काय, हेही मी तेव्हाच शिकलो. त्या उन्हाळ्यात पलटणीच्या मटणासाठी कंत्राटदार गावोगाव मेंढरं उचलत फिरत होते. भाव चांगला देत होते. ठकूआक्कानं नर विकले, मग म्हाताऱ्या मेंढ्या विकल्या, मग गाभण्या. लोकर, कोकरं, खत, दूध हे उत्पन्न. मेंढी हे भांडवल. शहाण्यानं उत्पन्न खावं, भांडवल खाऊ नये, असा नियम आहे. सुंदर नियम आहे. तो पाळायला आधी जेवलेलं असावं लागतं.

ज्येष्ठात ती भिवाला घेऊन कराडला आली. भिवा पलटणीत भरती झाला होता. राखायला मेंढरं उरली नव्हती, आणि भरतीवाले सांगत होते, पोटभर खायला मिळंल. मी स्टेशनवर गेलो. छाती मोजून, दात बघून निवडलेली पोरं डब्यात बसत होती. आमच्या खळ्यावरून उचललेला जोंधळा सरकारनं लढाईच्या नावानं नेला होता. त्यातली भाकरी खायची तर आता भिवानं लढाईवर जायचं होतं. याचं नाव मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

"सदा, तितं भाकरी देत्यात न्हवं?" ठकूआक्कानं विचारलं.

"देतात, आक्का. पोटभर देतात."

"मग जाऊ दे त्येला," ती म्हणाली. गाडी हलली. तिनं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "शिकून तू सायेब हुशील. कुटं बी बस लेकरा, पर नाक्यावर बसू नगंस."

पुढच्या माघात आमचं रान रिकामं राहिलं. चैत्रात तिकडचे दुसरे मेंढके आमच्या गावावरून परत निघाले होते, त्यांनी आप्पांना सांगितलं की ठकूआक्का गेली. तिकडं पीक बुडालं होतं. घरात जे शिजायचं ते ती सुनेच्या आणि नातवाच्या पुढं सरकवायची, मी खाल्लं म्हणायची, आणि पाणी पिऊन भिंतीला टेकायची. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. सून आणि नातू वाचले. सरकारी दप्तरात ताप असं लिहिलं गेलं. त्या वर्षांत आमच्या मुलखात माणसं तापानंच गेली. भुकेनं गेलं असं लिहायला रकाना नव्हता.

लढाई संपल्यावर भिवा आला. अंगावर पलटणीचा कोट, दंड भरलेले, रंग पिवळट. कराडला उतरून तो आधी आमच्याकडं आला. आईनं त्याला ताट वाढलं. तो खाली मान घालून जेवला. हात धुतले आणि आप्पांसमोर येऊन बसला.

"आप्पा, आय कशानं गेली?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "तापानं गेली रं," ते म्हणाले.

भिवानं हातातली टोपी खाली ठेवली.

"ताप मला बी लय डाव आला, आप्पा," तो म्हणाला. "बर्मात, रानात, ईस-ईस दिस. मी न्हाई मेलो. तितं खायाला हुतं."